पितळखोऱ्याचे हत्ती आणि कण्हदास सोनाराची पुष्पिका

खानदेशच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं संशोधकाच्या डोळ्यांपुढें फारुकी सुलतानांच्या वेळचीं फर्मानें, देशमुख-देशपांड्यांचीं दफ्तरें, मठांतील पोथ्या आणि एखाददुसरा ताम्रपट येतो. अक्षर जेथें आहे तेथेंच पुरावा आहे, अशी आपणां सर्वांची मनोधारणा झाली आहे. आणि कागद जमा करण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांची ती व्हावी हें स्वाभाविकच होय. परंतु ह्याच प्रांताच्या सीमेवर असा एक पुरावा आहे कीं, ज्यांत अक्षरें थोडीं आणि पाहणें पुष्कळ आहे. तो पितळखोऱ्याच्या लेण्यांतील शिल्पांचा होय. त्या शिल्पांच्या साहाय्यानें एका जुन्या वादाचा निकाल लावतां येतो असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेख.

वाद असा. आपला जुना शिल्पकार निसर्गाकडे पाहून शिल्प घडवी, कीं शास्त्रांतील लक्षणें पाठ करून घडवी? इंग्रज कलासमीक्षक रस्किन ह्यांनीं १८५८ सालच्या एका व्याख्यानांत असें मत दिलें कीं, हिंदी कला सृष्टींतील वस्तुस्थिति कधीं दाखवीतच नाहीं. प्राणी काढावयाचाच झाला तर तो विद्रूप करून काढते. पुढें हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी ह्यांनीं हिंदी कलेचा मोठ्या आस्थेनें कैवार घेतला. पण त्यांनीं मुख्य भर दिला तो शिल्पकाराच्या ध्यानावर. डोळे मिटून जें दिसतें तें तो घडवितो, बाहेरचें रूप त्यास गौण. म्हणजे निंदकानें जो दोष म्हटला, तोच कैवाऱ्यांनीं बऱ्याच अंशीं गुण म्हणून स्वीकारला. शिल्पकार पाहत नव्हता, ह्याविषयीं दोन्ही पक्षांचें जणूं एकमतच झालें! आमचें म्हणणें असें कीं, दोन्ही पक्षांनीं पितळखोऱ्याच्या हत्तींची साक्ष घेतलेली नाहीं.

प्रथम स्थळ सांगितलें पाहिजे. चाळीसगांवाच्या नैर्ऋत्येस सुमारें १८ किलोमीटरांवर, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशीं, पाटणें हें गांव आहे. येथील चंडिकादेवीमुळें ह्यास पाटणादेवी असेंही म्हणतात. पोथीसंग्राहकांस हें नांव निराळ्या कारणानें परिचित आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण ह्याचा ज्योतिषी होता, त्यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून येथें मठ स्थापिला. त्यास निकुंभवंशीय राजांनीं देणगी दिली. आणि ही हकीकत सांगणारा, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं उजेडांत आणिला. ह्याच डोंगराच्या वरच्या घडींत पितळखोऱ्याचीं लेणीं आहेत. सरकारी हद्दीप्रमाणें तीं कन्नड तालुक्यांत, म्हणजे छत्रपति संभाजीनगर (पूर्वींच्या औरंगाबाद) जिल्ह्यांत मोडतात. परंतु डोंगराची ती बाजू खानदेशाच्या मैदानाकडे उतरते, आणि पाटण्याहून वर जाणाऱ्यास हीं दोन स्थळें एकाच खोऱ्याचीं वाटतात.

ह्या खोऱ्यांतील कारागिरीचा इतिहास लेण्यांहून फार मागें जातो. पाटणें येथें १९७२-७३ सालीं एस्. ए. साळी ह्यांनीं उत्खनन केलें. त्यांत अश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेला कवचाचा एक तुकडा मिळाला. किरणोत्सर्गी कार्बनाच्या परीक्षेनें ह्या कवचाचें वय सुमारें २५,००० वर्षें ठरलें. खानदेशांत एके काळीं शहामृग हिंडत होते, ही गोष्ट त्या तुकड्यानें सिद्ध झाली. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ज्या माणसानें तें कवच कोरलें त्यानें पक्षी काढिला नाहीं. पक्ष्याच्या अंड्यावर रेघा काढिल्या. जिन्नस सृष्टीचा, नक्षी मनाची. हात तयार होता, हत्यार तयार होतें. पण पाहिलेल्या जिवाचें रूप उतरविण्याकडे तो वळलेला त्या तुकड्यावरून तरी दिसत नाहीं. सृष्टींत वावरणें आणि सृष्टि पाहून तिची प्रतिमा करणें, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरी गोष्ट दायमाबादची. हें गांव प्रवरेच्या कांठीं, अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांत आहे; तथापि त्याचा खानदेशाशीं संबंध आहे. तापीकांठच्या सावळदें ह्या गांवावरून जिला सावळदा संस्कृति हें नांव पडलें, तिचे थर दायमाबादच्या पांढरीच्या अगदीं तळाशीं सांपडले. तेथें १९७४ सालीं एका भिल्ल गृहस्थास झाडाचें मूळ खणतांना धातूच्या चार भरींव वस्तु मिळाल्या: बैल जुंपलेला व सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचें मिळून वजन ६० किलोंहून अधिक आहे. साळी ह्यांनीं त्या उत्तर-हडप्पा काळांतील, म्हणजे सुमारें ४,००० वर्षांपूर्वींच्या मानिल्या. धातूंतील सोमलाचें प्रमाण पाहून दुसऱ्या विद्वानांनीं ह्या काळाविषयीं शंका घेतली आहे. काळ कोणताही असो, त्या रेड्याकडे पाहून तो बैल आहे असें कोणी म्हणणार नाहीं. जनावरांच्या सहवासांत राहणाऱ्यांनीं जनावरें घडविलीं, एवढें त्यांवरून निश्चित दिसतें.

आतां पितळखोरें. येथील लेणीं बौद्धांचीं असून त्यांतील जुनीं इसवी सनापूर्वीं दुसऱ्या व पहिल्या शतकांत खोदिलीं गेलीं. तिसऱ्या क्रमांकाचें लेणें चैत्यगृह आहे, चौथें विहार आहे. चैत्याच्या खांबांवर प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, एका गंध्याच्या कुळानें दान दिल्याचा लेख आहे. विहारांत मगिल नांवाच्या राजवैद्याच्या कुटुंबाचे लेख आहेत. दाते कोण, हें येणेंप्रमाणें कळतें: अत्तरें विकणारा आणि औषध देणारा. चौथ्या लेण्याचा पुढील भाग फार पूर्वीं कोसळला आणि दगडमातीखालीं त्याचें शिल्प गाडलें गेलें. म. न. देशपांडे ह्यांच्या देखरेखीखालीं पुराणवस्तु खात्यानें १९५० नंतर तो ढिगारा उपसला, तेव्हां हें वैभव प्रथम नीट उजेडांत आलें. त्याचा वृत्तांत १९५९ सालीं प्रसिद्ध झाला. रस्किन ह्यांस तें पाहतां आलें नाहीं, हॅवेल ह्यांसही नाहीं. म्हणून वर जो आम्हीं आक्षेप घेतला तो त्यांच्या नेत्रांवर नसून त्यांच्या सिद्धांतावर आहे.

विहाराच्या जोत्यावर ओळीनें नऊ हत्ती आहेत. सबंध इमारत जणूं त्यांच्या पाठीवर उभी आहे. वेरूळच्या कैलासाचें जोतें हत्तींनीं पेललेलें सर्वांनीं पाहिलें आहे. तें आठव्या शतकांतील. त्या कल्पनेचें हें पूर्वरूप तेथून फार लांब नाहीं, आणि त्याहून सुमारें नऊशें वर्षांनीं जुनें आहे. हत्ती बाजूनें कोरणें सोपें. बाह्यरेषा उतरली कीं तो ओळखतां येतो. तो समोरून कोरणें कठीण. कारण सोंड, सुळे व गंडस्थळें हीं एकामागें एक येतात, आणि त्यांचें अंतर दगडाच्या खोलींत दाखवावें लागतें. हें ज्यास साधतें त्यानें हत्तीच्या पुढें उभें राहून तो न्याहाळलेला असतो. दाराच्या बाजूस पांच फणांचा नाग आहे. त्याच्या फणांस भोकें ठेवून मागून आणिलेलें पाणी त्यांतून उडावें अशी योजना केली आहे. दारावरील गजलक्ष्मींत पुन्हां हत्ती आहेत, पण ते पाणी घालणारे. एकच प्राणी एके ठिकाणीं भार वाहतो आणि दुसऱ्या ठिकाणीं अभिषेक करतो. दोन्ही कामें त्याच्या खऱ्या स्वभावांतून घेतलेलीं आहेत, कारण तो ओझें उचलतो आणि सोंडेनें पाणीही उडवितो.

येथें एक शंका कोणी घेईल. एकसारखे नऊ हत्ती म्हणजे निरीक्षण कसलें? तो तर सांचा झाला. शंका रास्त आहे. जोत्यावरील ओळ ही एक रीत आहे, आणि रीतींत पुनरावृत्ति असतेच. पण त्या हत्तींच्या अंगावर साज आहे. शिल्पकारानें अरण्यांतील हत्ती पाहिला असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें हत्तीखान्यांतील, माहुताच्या हाताखालचा हत्ती पाहिला. भाज्याच्या लेण्यांत सोंडेनें झाड उपटणारा हत्ती आहे. त्याची वृत्ति वेगळी, ह्यांची वेगळी. पितळखोऱ्याचा हत्ती शिकविलेला, उभा राहण्यास सांगितलें तेथें उभा राहणारा आहे. म्हणून तो इमारतीखालीं शोभतो. निरीक्षण कोठें झालें, हें देखील शिल्प आपणांस सांगतें, तें असें.

हत्ती पाहावयास मिळत होते कीं नाहीं? ह्याविषयीं ग्रंथांची साक्ष भरपूर आहे. नाणेघाटाच्या लेखांत सातवाहन राजघराण्यानें यज्ञांत दिलेल्या दक्षिणेंत हत्तींची गणना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोणत्या देशचा हत्ती उत्तम, कोणत्या देशचा मध्यम, हें सांगतांना अपरांताचा, म्हणजे कोंकणपट्टीचा, हत्ती मध्यम प्रतींत घातला आहे. पुढें सोळाव्या शतकाच्या अखेरीस ऐन-इ-अकबरींत माळवा सुभ्याच्या हंडिया, बिजागड इत्यादि भागांत रानटी हत्ती असल्याची नोंद आहे. बिजागड म्हणजे सातपुड्यापलीकडील निमाड, खानदेशचा सख्खा शेजारी. सारांश, पैठणहून घाट उतरून तापीकडे जाणाऱ्या वाटेवरील कारागिरास हत्ती ही ऐकीव वस्तु नव्हती.

आतां मुख्य प्रश्न: त्याच्या हातीं पोथी होती काय? चित्र व मूर्ति ह्यांविषयीं जे ग्रंथ आज उपलब्ध आहेत त्यांतील विष्णुधर्मोत्तराचें चित्रसूत्र हें पितळखोऱ्याच्या शिल्पाहून निदान पांचशें वर्षांनीं अर्वाचीन आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याचा मानसोल्लास तर बाराव्या शतकांतील. त्याहून जुनीं सूत्रें असतीलही. परंतु जीं नाहींत त्यांच्या आधारें शिल्पकारास पाठांतरी ठरविणें हा न्याय नव्हे. आणि ह्या ग्रंथांतच काय आहे? लाटा, ज्वाळा, धूर आणि वाऱ्यानें हलणारीं वस्त्रें जो गतिमान दाखवूं शकतो, आणि निजलेला व मेलेला ह्यांतील भेद ज्याच्या कुंचल्यांत उतरतो, तोच चित्र जाणणारा, असें चित्रसूत्राचें सांगणें आहे. निजलेला व मेलेला ह्यांतील भेद पाठांतरानें येत नाहीं. पालकाप्याच्या नांवावरील हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापला. त्यांत हत्तीचे रोग व उपचार इतक्या बारकाईनें दिले आहेत कीं, हत्तीशेजारीं पिढ्यान् पिढ्या राहिल्याखेरीज तो ग्रंथ लिहितां आला नसता. म्हणजे शास्त्र हें निरीक्षणाच्या आधींचें नसून नंतरचें आहे. डोळ्यानें जें जमविलें त्याची पोथी झाली; पोथीचा पुढें नियम झाला; आणि नियम झाल्यावर कांहीं ठिकाणीं डोळा मिटला, हें आम्ही नाकारीत नाहीं.

इतकें झाल्यावर कण्हदासाकडे वळूं. पितळखोऱ्याच्या ढिगाऱ्यांतून यक्षाची एक मूर्ति निघाली. ठेंगणा बांधा, सुटलेलें पोट, रुंद हसरा चेहरा, डोक्यावर हातांनीं तोललेलें पात्र, आणि अंगावर अलंकार. तिच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत व प्राकृत भाषेंत एक लहानसा लेख आहे. अर्थ एवढाच कीं, कण्हदास सोनारानें ही केली. ही मूर्ति सध्यां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव घालतो, त्यास आपण पुष्पिका म्हणतों. ही दगडाची पुष्पिका होय. देणाऱ्यांचीं नांवें लेण्यांत पुष्कळ मिळतात. करणाऱ्याचें नांव मिळणें विरळा.

पाथरवटाच्या कामावर सोनाराचें नांव कां? ह्यास सांचीचा दाखला आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर, विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनीं हें रूपकर्म केलें, असा लेख आहे. एके ठिकाणीं दंतकार, एके ठिकाणीं सुवर्णकार. बारीक काम करणारे हे दोन्ही वर्ग त्या काळीं दगडाकडे वळले, आणि बरोबर आपली नजर घेऊन आले. सोनाराचा धंदाच असा कीं, गुंजेच्या अंशाची चूक त्यास परवडत नाहीं. पान, फूल, कणीस, माशाचा खवला हे त्याचे रोजचे नमुने, आणि तो ते हातांत घेऊन, डोळ्यांजवळ आणून पाहतो. ही संवय मोठ्या दगडावर उतरली म्हणजे काय होतें, तें त्या यक्षांत दिसतें. यक्ष कोणी पाहिला नाहीं. पण डोक्यावर भार घेतलेल्या ठेंगण्या माणसाचे खांदे, वर गेलेले हात, ताठ मान, हें कण्हदासानें बाजारांत शंभरदां पाहिलें असलें पाहिजे. न पाहिलेली देवता त्यानें पाहिलेल्या हमालावरून घडविली, असें म्हटलें तर आमच्या मतें अतिशयोक्ति होणार नाहीं.

हाच न्याय विहारांतील पंख असलेल्या प्राण्यांस लागू आहे. पंख असलेला घोडा सृष्टींत नाहीं, आणि ही कल्पना पश्चिम आशियाकडून आली असें पुष्कळ विद्वान मानतात. परंतु घोडा घोड्यासारखा नसेल तर पंख लावून तो अद्भुत होत नाहीं, केवळ चुकीचा होतो. अद्भुताचा पायाही पाहिलेल्या रूपांतच असतो. ज्यास रस्किन विद्रूप म्हणाले, त्यांतील कित्येक रूपें खऱ्या अवयवांची नवी जुळणी आहेत.

ही नजर पितळखोऱ्याबरोबर संपली नाहीं. जळगांवहून ज्या अजिंठ्यास यात्रेकरू जातात, तेथील वाघूर नदी डोंगर उतरून खानदेशांत येते व तापीस मिळते. तेथें पहिल्या लेण्याच्या एका खांबावर चार हरणें अशीं कोरलीं आहेत कीं, चौघांस मिळून मस्तक एकच. ज्या शरीराकडे पाहावें त्याचेंच तें मस्तक वाटतें. हा खेळ आहे. पण हरणाची मान कोठपर्यंत वळते हें ठाऊक असल्याखेरीज हा खेळ साधत नाहीं. अजिंठ्याच्या लेण्यांपुढील पायऱ्यांजवळ दोन दगडी हत्ती आहेत. सातव्या शतकांतील चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संग ह्यानें एका संघारामाच्या दारांतील दगडी हत्तींचें वर्णन केलें आहे, आणि तें अजिंठ्याचेंच असावें असें मानितात. ते हत्ती मधून मधून चीत्कार करितात व त्यानें धरणी कांपते, असें तेथील लोक म्हणत, हेंही त्यानें लिहून ठेविलें. लोकांची ही समजूत म्हणजे शिल्पावरील सर्वांत जुना अभिप्राय होय. जें हत्तीसारखें दिसत नाहीं तें ओरडतें असें कोणी म्हणत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं यादवकालीन देऊळ अथवा नुसते पडके थर आहेत, त्यांनीं एक परीक्षा करून पाहावी. आशियाई हत्तीच्या पुढील पायास सामान्यतः पांच नखें व मागील पायास चार असतात. मस्तकावर दोन उंचवटे असतात. सोंडेच्या टोकास बोटासारखा एकच अवयव असतो, आफ्रिकेच्या हत्तीस दोन. म्हशीचीं शिंगें मागें वळतात, बैलास वशिंड असतें, म्हशीस नसतें. शिल्पांत ह्यांपैकीं किती गोष्टी उतरल्या आहेत आणि किती सुटल्या आहेत, ह्याचें टिपण केलें तर तेथील कारागीर जनावर पाहून काम करीत होता कीं आधींचें शिल्प पाहून, ह्याचा अंदाज बांधतां येईल. शिलालेख नसलेल्या देवळासही ह्या रीतीनें थोडें बोलतें करितां येतें. टिपणांत स्थळ, थर, दिशा आणि माप हीं अवश्य घालावींत.

आणि एक विनंति संग्राहकांस. सुटा झालेला शिल्पखंड उचलून घरीं अथवा दुकानीं नेण्याची जी ओढ असते ती आम्हांस समजते. पोथी वाळवीपासून वांचविण्यास ती उचलावीच लागते. परंतु शिल्पाची गोष्ट निराळी आहे. जोत्यावरून काढलेला हत्ती हा हत्ती उरतो, भार वाहणारा उरत नाहीं. त्याचा निम्मा अर्थ त्याच्या जागेंत असतो. शिवाय अशा वस्तु हलविण्यास कायद्याचीही मनाई आहे. कण्हदासाचा यक्ष दिल्लीस गेला तो निदान कोठून निघाला ह्याच्या नोंदीसह गेला, म्हणून आज आपण त्याच्याविषयीं बोलूं शकतों. ज्या खंडांची नोंद नाहीं ते मुके झाले.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास वारले. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच गांवीं उभें आहे. अस्सल कागद प्रथम, मत नंतर, ही त्यांची शिकवण आपण दफ्तरांस लावितों, ती शिल्पास लावावयास काय हरकत आहे? पितळखोऱ्याचा हत्ती हा अस्सल कागदच होय. त्यावर प्रथम लिहिलें तें कारागिराच्या डोळ्यानें, नंतर त्याच्या टांकीनें. त्याच खोऱ्याच्या पायथ्याशीं आजोबांचे ग्रंथ टिकावे म्हणून चांगदेवानें मठ बांधिला आणि तें शिळेवर लिहून ठेविलें. कण्हदासाजवळ ना मठ होता ना राजाची देणगी. त्यानें यक्षाच्या हातावर आपलें नांव तेवढें घातलें. दोन हजार वर्षें तें दगडमातीखालीं शाबूत राहिलें, ह्यापुढें तें आपल्या टिपणवहींत असावें.